तारेवरचा नीळकंठ आणि सी. व्ही. रामन

दसऱ्याला वऱ्हाडात दोन गोष्टी चुकवायच्या नसतात. संध्याकाळी आपट्याचे सोने आणि सकाळी नीळकंठाचे दर्शन. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याकडे निघालात, की रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर तो हमखास बसलेला दिसायचा. खाली सोयाबीन सोंगून झालेले, पलीकडे कपाशीची बोंडे फुटू लागलेली, आणि तारेवर हा मान आखडून बसलेला. बसलेला असताना तसा साधाच. छाती विटकरी-तपकिरी, आणि नाव नीळकंठ असले तरी कंठ निळा नाहीच. पण टोळ दिसला आणि त्याने तारेवरून झेप घेतली, की पंख उघडतात आणि आकाशी व गर्द निळ्या पट्ट्यांनी डोळे दिपतात. पक्ष्यांच्या पुस्तकांत त्याला नीलपंख म्हणतात, तेच नाव अधिक खरे.

आता एक गंमत ऐका. त्या निळ्या पंखात निळा रंग नाही. हळदीत पिवळा रंग असतो, मंजिष्ठात तांबडा असतो, तसे निळे रंगद्रव्य या पिसात शोधून सापडणार नाही. गळून पडलेले असे पीस उजेडाच्या आड धरून आरपार पाहिले, तर निळा नाहीसा होतो आणि तपकिरी-काळपट पीस उरते. पीस कुटून त्याची पूड केली तरी निळा जातो. हळद कुटली म्हणून तिचा पिवळेपणा जात नाही. मग हा निळा येतो कुठून आणि कुटल्यावर जातो कुठे?

हा प्रश्न ज्याने मनावर घेतला, तो माणूस त्या आधीच जगप्रसिद्ध झालेला होता. त्याच्या नावाने आपण दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. चंद्रशेखर व्यंकट रामन. शाळेत आपण त्यांचे नाव आणि नोबेलचे वर्ष पाठ करतो आणि तिथेच थांबतो. पण आज नॅनो हा शब्द जाहिरातीपासून खताच्या बाटलीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. पदार्थ तोच ठेवून केवळ त्याची बारीक रचना बदलली, तर त्याचे गुण बदलतात, हे या शास्त्राचे मूळ आहे. ते मूळ समजून घ्यायचे तर रामन यांचे आयुष्य हा सोपा रस्ता आहे.

डॉक्टरांनी अडवलेला मुलगा

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक. त्यांची नोकरी विशाखापट्टणमच्या महाविद्यालयात लागली आणि रामन यांचे बालपण समुद्राच्या काठी गेले. घरात पैसा बेताचा, पुस्तके मात्र भरपूर. अकराव्या वर्षी मॅट्रिक, चौदाव्या वर्षी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. १९०४ साली ते बी. ए. झाले ते पहिल्या वर्गात आणि सुवर्णपदकासह. अठराव्या वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. आयताकृती फटीतून जाणारा प्रकाश कडेला कसा वळतो, यावर तो होता. कोणी मार्गदर्शक नव्हता, निबंधावर दुसऱ्या कोणाचे नाव नव्हते.

असा विद्यार्थी त्या काळात विलायतेला जायचा. रामन यांचीही तपासणी झाली. मद्रासच्या सिव्हिल सर्जनने या किरकोळ प्रकृतीच्या मुलाला तपासले आणि इंग्लंडची थंडी याला मानवणार नाही असा निर्वाळा दिला. विलायतेची वाट तिथेच संपली. भारतात राहून विज्ञानावर पोट भरण्याची सोय जवळपास नव्हती. म्हणून ते १९०७ साली अर्थखात्याच्या परीक्षेला बसले आणि त्यात पहिले आले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झाले आणि हे जोडपे कलकत्त्याला गेले. रामन सरकारी हिशेब तपासणारे अधिकारी झाले. वय अठरा.

हिशेबनीस आणि नागपूर

कलकत्त्यात कचेरीला जाता-येता बऊबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली: इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली मोठ्या आशेने ही संस्था उभारली होती; पण उपकरणे धूळ खात पडली होती आणि संशोधन करणारे कोणी नव्हते. रामन आत गेले आणि काम करू देण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. मग कचेरीच्या आधी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत ते या प्रयोगशाळेत असत. नोकरी दिवसाची, विज्ञान उरलेल्या वेळेचे. असे दहा वर्षे चालले.

मध्येच बदल्या आल्या. १९०९ साली रंगून, १९१० साली नागपूर. वऱ्हाडचा कारभार १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला होता आणि नागपूर ही या जोडप्रांताची राजधानी होती. म्हणजे हा तरुण अधिकारी काही काळ आपल्याच भागाच्या राजधानीत हिशेबाच्या वह्या तपासत होता. प्रयोगशाळा मागे राहिली, म्हणून त्यांनी राहत्या घरातच प्रयोग मांडले. त्या काळात त्यांचे लक्ष आवाजाकडे होते. ताणलेली तार कशी कंप पावते आणि वाद्याचा सूर कसा घडतो, हे ते मोजत होते. १९११ साली ते कलकत्त्याला परतले. पिसाच्या निळ्याकडे वळायला अजून तेवीस वर्षे होती; पण कंपने मोजण्याची सवय पुढे कामी आली, कारण प्रकाश हीही एक लहरच आहे.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद देऊ केले. पगार जवळपास निम्मा होणार होता. सरकारी खात्यात वरची पायरी समोर दिसत होती. घरच्या माणसांनी नोकरी न सोडण्याचा सल्ला द्यावा असाच तो व्यवहार. रामन यांनी नोकरी सोडली.

समुद्र निळा का?

१९२१ साली ते पहिल्यांदा विलायतेला गेले. डॉक्टरांनी सांगितलेली थंडी त्यांना काही बाधली नाही. परत येताना नारकुंडा या बोटीवरून त्यांनी भूमध्य समुद्राचा गर्द निळा पाहिला. त्या काळी सर्वमान्य समजूत अशी होती की समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचे पडलेले प्रतिबिंब. हे मत लॉर्ड रॅले यांचे, आणि आकाश निळे का दिसते याचे उत्तर शोधणारेही तेच. त्यांच्या शब्दाला वजन होते. रामन यांच्या खिशात एक छोटा प्रिझम होता. पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड त्यातून गाळता येतो. त्यांनी तो डोळ्याला लावला. प्रतिबिंब गाळले गेले, तरी समुद्र निळाच राहिला. उलट जास्त निळा झाला. म्हणजे निळा वरून पडलेला नव्हता, तो पाण्याच्या आतून येत होता. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा याविषयीचे टिपण लंडनला पाठवण्यासाठी तयार होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू, कारण पिसाशी तिचा संबंध आहे. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. फार बारीक कणांवर हा प्रकाश आदळला, की निळा भाग तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो. आकाश निळे आणि मावळतीचा सूर्य लाल, ते यामुळे. या विखुरण्यात प्रत्येक कण आपापले काम एकटा करतो. शेजारी काय करतो याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

पुढची सात वर्षे रामन आणि त्यांचे विद्यार्थी द्रवांतून प्रकाश कसा विखुरतो, याच्या मागे लागले. बहुतेक प्रकाश जसा जातो तशाच रंगाचा बाहेर येतो. पण अगदी थोडा, साधारण एक कोटी प्रकाशकणांत एखादा, रंग बदलून बाहेर येतो. रेणू सतत थरथरत असतात. प्रकाशकण त्यांच्यावर आदळताना आपली थोडी ऊर्जा त्या थरथरीला देतो किंवा तिच्याकडून घेतो, आणि तेवढा त्याचा रंग सरकतो. के. एस. कृष्णन यांच्यासोबत केलेल्या प्रयोगांतून हे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पक्के झाले. प्रत्येक पदार्थाचे रेणू आपल्या पद्धतीने थरथरतात, म्हणून हे रंगाचे सरकणे म्हणजे त्या पदार्थाचा अंगठ्याचा ठसाच. यालाच रामन परिणाम म्हणतात. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई.

बंगळुरू: एक चूक आणि एक पीस

१९३३ साली रामन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. ते पहिले भारतीय संचालक. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिली आलेली एक मराठी मुलगी, कमला भागवत, तिथे प्रवेश मागायला आली. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी कारण विचारले आणि आग्रह धरला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण वर्षभर काम पाहून ठरवू आणि इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशा अटी घालून. वर्षाच्या शेवटी त्यांना आपले मत बदलावे लागले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या आणि कमला सोहोनी या नावाने जीवरसायनशास्त्रात मोठे काम करून गेल्या. समुद्राबाबत मोठ्यांचे मत तपासून पाहणारे रामन माणसांबाबत मात्र चालत आलेले मत धरून बसले होते. तेही एका विद्यार्थिनीला तपासून दाखवावे लागले. आयुष्य सांगताना ही बाजू वगळून चालणार नाही.

१९३४ साली रामन यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि तिचे नियतकालिक सुरू केले. जगाला भारतातले संशोधन दाखवण्याची ही त्यांची महत्त्वाकांक्षी खिडकी. त्यात नोबेलविजेत्या संपादकाचा स्वतःचा पहिला निबंध कशावर असावा? पक्ष्यांच्या पिसांच्या रंगांवर. आणि तपासलेला पक्षी होता आपला दसऱ्याचा नीळकंठ.

तोपर्यंतचे पुस्तकी उत्तर असे होते: पिसात बारीक हवेचे बुडबुडे असतात, ते प्रकाश विखुरतात, म्हणून निळा. आकाशाचेच उत्तर पिसाला लावलेले. रामन यांना हे उत्तर आवडायला हवे होते. विखुरलेल्या प्रकाशानेच त्यांना नोबेल मिळवून दिले होते. पण त्यांनी पीस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, उजेडाची दिशा बदलून पाहिली, आणि हा हिशेब जमत नाही असे ठरवले. नुसत्या विखुरण्याने असे ठसठशीत, निवडक रंग मिळत नाहीत. लहरी एकमेकींत मिसळून काही रंग बळावतात आणि काही मारले जातात, असे काहीतरी इथे घडत असले पाहिजे.

हे समजायला शेगावच्या पालखीतले टाळकरी डोळ्यांपुढे आणा. शंभर माणसांनी आपापल्या मर्जीने टाळ वाजवले, तर नुसता गलका होतो. त्याच शंभर जणांनी एका ठेक्यावर वाजवले, तर नाद उमटतो. आकाशातले रेणू पहिल्या प्रकारचे. पिसातल्या पोकळ्या दुसऱ्या प्रकारच्या. त्यांच्यातले अंतर जवळपास सारखे असते, आणि ते अंतर निळ्या प्रकाशाच्या लहरीला बरोबर जुळते. म्हणून निळ्याच्या लहरी एका ठेक्यात परततात आणि बाकीच्यांचा ठेका जुळत नाही. ते रंग आत शिरतात आणि खालच्या काळ्या रंगद्रव्यात जिरून जातात.

अंतर किती, तर साधारण दीडशे ते दोनशे नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या कपाशीचा एक तंतू रुंदीला सुमारे पंधरा हजार नॅनोमीटर भरतो. म्हणजे त्या तंतूच्या शंभराव्या भागाएवढ्या अंतरावर पिसात एकेक पोकळी. पिसाचा पदार्थ आपल्या नखांचा असतो त्याच जातीचा, केराटिन. नख निळे नसते. केराटिन तेच, फक्त त्यात पोकळ्यांची नक्षी आली आणि तेच निळे झाले. कुटल्यावर निळा का जातो, याचे उत्तरही यातच आहे. पदार्थ शाबूत राहतो, नक्षी मोडते.

रामन कुठे बरोबर, कुठे चूक

एवढी बारीक नक्षी १९३४ साली कोणालाच दिसू शकत नव्हती. साध्या सूक्ष्मदर्शकात प्रकाशाच्या लहरीपेक्षा फार लहान वस्तू स्पष्ट दिसत नाहीत. पुढच्या काही वर्षांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरात आला. निळ्या पिसाची आतली जाळी, स्पंजासारखी सच्छिद्र, १९३९ साली जर्मनीत पहिल्यांदा दिसली. तरीही पाठ्यपुस्तकांत विखुरण्याचेच जुने उत्तर कितीतरी वर्षे छापले जात राहिले. १९९८ साली अमेरिकेतले पक्षिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा निळ्या पिसांच्या चित्रांवर गणित चालवले आणि पोकळ्यांच्या अंतरात दडलेला नियमितपणा मोजून दाखवला. रामन यांची शंका चौसष्ट वर्षांनी खरी ठरली.

सगळ्याच ठिकाणी ते बरोबर नव्हते. रत्नांचा त्यांना भारी नाद. ओपल नावाचा दगड फिरवला की त्यातून लाल, हिरवा, निळा असे रंग खेळतात. १९५३ साली रामन यांनी त्याच्या रंगांचे कारण सांगितले, की आत एकाआड एक असे दोन प्रकारच्या स्फटिकांचे थर असावेत. १९६४ साली ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तेव्हा थर निघाले नाहीत. निघाल्या त्या सिलिकाच्या एकसारख्या गोल गोट्या, बुंदीच्या लाडवासारख्या पण अगदी शिस्तीत रचलेल्या. रंग रचनेतून येतो हे रामन यांचे म्हणणे बरोबर, रचना कोणती हे चुकलेले. विज्ञानात अशी अर्धी चूकसुद्धा उपयोगी पडते, कारण पुढच्याला नेमके काय तपासायचे ते कळते.

हीच नक्षी माणसाने केली तर?

निसर्ग जे पिसात करतो, ते आता कारखान्यात आणि प्रयोगशाळेत करतात. नॅनो रचना घडवण्याचे ढोबळ मार्ग दोन. एक खलबत्त्याचा: मोठा पदार्थ घोटून घोटून बारीक करायचा. यासाठी पोलादी गोळ्यांच्या चक्क्या असतात. यात कण बारीक होतात, पण सारखे होत नाहीत. दुसरा मार्ग खडीसाखरेचा: पाकातून खडे वाढवावेत तसे द्रवातून कण वाढवायचे आणि हव्या त्या आकाराला थांबवायचे. १९६८ साली निघालेल्या एका पद्धतीत सिलिकॉनचे संयुग, अल्कोहोल आणि अमोनिया एकत्र ढवळतात आणि सिलिकाच्या एकसारख्या गोट्या मिळतात. त्या सावकाश खाली बसू दिल्या, की ओपल तयार. गोट्यांचा आकार बदलला, की रंग बदलतो. रंगद्रव्य कुठेच घातलेले नसते, म्हणून उन्हाने विटायलाही काही नसते.

सोन्याचेही तसेच. दसऱ्याला आपण पानांना सोने म्हणतो. प्रयोगशाळेत खऱ्या सोन्याला पिवळेपण सोडायला लावतात. सोन्याच्या क्षाराचे द्रावण उकळून त्यात सोडियम सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, घातला की सोन्याचे सुमारे पंधरा-वीस नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि पाणी लालबुंद होते. असे लाल सोने मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये १८५७ सालीच दाखवले होते. आज ते तुमच्या गावातल्या औषधाच्या दुकानात मिळते. गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ ही बहुधा सोन्याच्या अशा कणांचीच असते. कोरोनाच्या साथीत नाकातला नमुना घेऊन घरी केलेल्या तपासणीच्या पट्टीतही हेच तंत्र होते. उपकरण नको, वीज नको, रेघ दिसली की उत्तर. आडगावच्या आरोग्य उपकेंद्रात याची किंमत कळते.

आणि खिशातली पाचशेची नोट काढा. तिच्यातला धागा हिरवा दिसतो. नोट तिरपी केली की तोच निळा होतो. साध्या शाईला हे जमत नाही. असा कोनागणिक बदलणारा रंग अतिशय पातळ थरांच्या रचनेतून मिळवतात, आणि झेरॉक्सच्या मशीनला तो उतरवता येत नाही. रंगून-नागपूरला सरकारी पैशाचा हिशेब तपासणाऱ्या माणसाचा आवडता विषय आज नोटेची राखण करतो आहे.

रंग हा फक्त डोळ्यांना दिसणारा गुण. रचना नॅनोच्या पातळीवर बदलली, की ताकद, वितळण्याचा अंश, वीज वाहण्याची रीत, वायू ओळखण्याची क्षमता असे पुष्कळ गुण बदलतात. धातूचे आतले दाणे बारीक केले, की तो जास्त कठीण होतो. झिंक ऑक्साइड किंवा टिन ऑक्साइडची पूड नॅनो आकाराची केली, की तिचा पृष्ठभाग अफाट वाढतो आणि हवेतला थोडासा गॅसही तिला जाणवतो. गळती ओळखणारे संवेदक यावर चालतात.

ठसा ओळखणारे यंत्र

पण तयार झालेली रचना हवी तीच आहे, हे कसे ओळखायचे? इथे रामन पुन्हा भेटतात, आणि या वेळी १९२८ चे. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या महाविद्यालयात अशा पदार्थांवर संशोधन करणारा विद्यार्थी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला विचारून पाहा. नमुना तयार झाला की ज्या तपासण्या करतात, त्यांत एकीचे नाव रामन वर्णपट असते. नमुन्यावर लेझरचा किरण टाकायचा आणि रंग बदलून परतणारा तो कोटीतला एक प्रकाशकण मोजायचा.

कार्बनचा एक अणू जाडीचा पडदा म्हणजे ग्राफीन. तो २००४ साली मँचेस्टरमध्ये वेगळा करण्यात आला. एकच थर आहे की दोन की पाच, हे पदार्थाला हात न लावता रामन वर्णपटावरून सांगता येते. कार्बनची नळी असेल, तर तिची जाडी कळते. नळी जितकी बारीक, तितकी तिची थरथर जलद, जशी सतारीची आखूड तार चढ्या सुरात वाजते. सिलिकॉनचा स्फटिक काही नॅनोमीटरचा झाला, की त्याचा ठसा थोडा सरकतो आणि आकाराचा अंदाज देतो. नागपूरच्या घरात तारांची कंपने मोजणाऱ्या तरुणाला ही उदाहरणे लगेच पटली असती.

या ठशाची मोठी अडचण म्हणजे तो फार फिका. ती अडचण दूर केली तीही नॅनो रचनेनेच. १९७४ साली इंग्लंडमध्ये असे दिसले, की चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर बसलेल्या रेणूंचा ठसा कितीतरी पटींनी ठळक उमटतो. आता यासाठी सोन्या-चांदीचे नॅनोकण मुद्दाम वापरतात. फळाच्या सालीवर उरलेले कीटकनाशक यामुळे अगदी थोडे असले तरी ओळखता येते. वरुड-मोर्शीच्या संत्र्याला बाजार मिळवायचा तर अशा तपासणीला महत्त्व आहे. औषध कारखान्यांत हातात धरायची रामन यंत्रे आली आहेत. पिशवी न फोडता आतला कच्चा माल लेबलावर लिहिलेलाच आहे का, हे ती सांगतात. भेसळ ओळखण्याचा हा झटपट मार्ग आहे. यंत्र अजून महाग आहे, पण किमती खाली येत आहेत.

शेवटची वर्षे

रामन १९३७ साली संचालकपदावरून दूर झाले. कारभारावरून संस्थेत मोठे मतभेद झाले होते आणि त्यांचा स्वभाव पडते घेणारा नव्हता. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून ते १९४८ पर्यंत तिथेच राहिले आणि मग त्यांनी बंगळुरूत स्वतःची संस्था काढली. १९५४ साली भारतरत्न मिळाले. पण त्यांचा जीव रमायचा तो शंख, मोती, फुलपाखरे, भुंगे आणि रत्ने यांच्या संग्रहात. बाहेरून पाहणाऱ्याला तो म्हातारपणचा छंद वाटे. त्यांच्या दृष्टीने ते कामच होते. प्रत्येक वस्तू एकच प्रश्न विचारत होती: हा रंग कुठून आला? मोत्यातले पातळ थर, मोरपिसातल्या बारीक कांड्या, भुंग्याच्या पाठीची चकाकी, सगळीकडे पदार्थ साधा आणि रचना विलक्षण.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी ते गेले. कर्मकांड नको, स्मारक नको, असे त्यांनी सांगून ठेवले होते. संस्थेच्या आवारातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी एक झाड लावले गेले. नॅनो हा शब्द तेव्हा आजच्यासारखा सगळ्यांच्या तोंडी नव्हता.

नीळकंठाचे काय? भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ सालचा अहवाल सांगतो, की त्याची संख्या घटते आहे. उत्तरेत काही ठिकाणी दसऱ्याला पिंजऱ्यात घालून दर्शन देण्यासाठी त्याला पकडतात. पंख बांधतात, चिकटवतात, आणि त्यात पुष्कळ पक्षी मरतात. हा कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे कोणी असा पिंजरा घेऊन आला, तर पैसे देऊ नका, वनखात्याला कळवा. हा पक्षी टोळ आणि किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी माणूस. पिसे गोळा करायलाही जाऊ नका. उजेडाआड धरून पाहायचेच असेल, तर देवघरातले मोरपीस घ्या. त्यातही हाच खेळ आहे.

यंदा दसऱ्याला गावाबाहेर गेलात, तर तारेकडे बघा. तो बसलेला असेल तर थोडे थांबा. घाई करू नका, त्याला उडू द्या. पंख उघडले, की सोबतच्या पोराला विचारा, हा निळा कुठून आला. त्याने आकाशाचे उत्तर दिले, तर चूक म्हणू नका. नोबेलविजेत्यालाही ते उत्तर आधी सापडले होते. मग दुसऱ्यांदा बघायला सांगा.